‘तीन विरुद्ध दोन’ एवढ्यावर थांबू नका

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक रील फिरत होतं. डावीकडे चीनची ‘फुजियान’, उजवीकडे आपली ‘विक्रांत’. मागे ढिंच्याक म्युझिक आणि मध्ये एकेक आकडा धाडकन येऊन आदळणार. वजन, ८० हजार टन विरुद्ध ४५ हजार टन. विमानवाहू नौकांची संख्या, तीन विरुद्ध दोन. शेवटी लाल अक्षरांत विजेत्याचं नाव. खाली कॉमेंटचा पाऊस. अर्धी जनता ‘आपण संपलो’ म्हणणारी, उरलेली अर्धी ‘एक ब्रह्मोस पुरे’ म्हणणारी.

शाळेत असताना आम्ही डब्ल्यूडब्ल्यूईचे पत्ते खेळायचो, त्याची आठवण झाली. उंची, वजन, छाती, रँक. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. तो खेळ मस्तच होता, पण त्या पत्त्यावरून कुणी खऱ्या कुस्तीचा निकाल सांगत नव्हतं.

रात्री जेवताना ते रील आजोबांना दाखवलं. आजोबा नेव्हल डॉकयार्डात फिटर होते. लालबागच्या आमच्या चाळीतून निघायचं, करी रोडला लोकल पकडायची, व्हीटीला उतरून चालत लायन गेट. नोकरीची सगळी वर्षं हाच रस्ता. त्यांनी चष्मा लावून रील दोनदा बघितलं आणि विचारलं, “अगं, यातली आत्ता पाण्यात कुठली आहे आणि डॉकात कुठली आहे, ते नाही लिहिलं?”

ते खरंच कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी हा विषय जरा धरून बसले. तुलना करूच नये, असं मला वाटत नाही. ज्या नौकांवर आपल्या कराचे हजारो कोटी जातात, त्यांची तुलना आपण करायलाच हवी. फक्त ती पत्त्यांसारखी नको.

आधी आकडेच बघू

रीलमधले आकडे खोटे नव्हते. चीनची पहिली विमानवाहू नौका ‘लियाओनिंग’ २०१२ मध्ये नौदलात आली, दुसरी ‘शानदोंग’ २०१९ मध्ये आणि तिसरी ‘फुजियान’ नोव्हेंबर २०२५ मध्ये. आपल्याकडे रशियाकडून घेतलेली ‘विक्रमादित्य’ २०१३ पासून आहे आणि कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ पासून. पाकिस्तानकडे एकही नाही. अमेरिकेकडे अकरा आहेत, त्याही सगळ्या अणुऊर्जेवर चालणाऱ्या.

‘विक्रांत’ २६२ मीटर लांब आहे. आपली बारा डब्यांची लोकल डेकवर उभी केली तर साधारण तेवढीच भरेल. ऐकायला मोठी वाटते, पण जमिनीवर लढाऊ विमानाला याच्या कितीतरी पट लांब धावपट्टी लागते. मग एवढ्याशा जागेतून विमान उडतं कसं? खरा फरक इथे आहे आणि तो टनांत मोजता येत नाही.

आपल्या दोन्ही नौकांचं पुढचं टोक वर वळवलेलं आहे. विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावतं आणि त्या चढावरून हवेत झेपावतं. रचना साधी आणि भरवशाची आहे. मात्र जड विमानाला ती झेपत नाही, त्यामुळे इंधन किंवा शस्त्रं यांतलं काहीतरी कमी घ्यावं लागतं. ‘फुजियान’चा डेक सपाट आहे. तिच्यावर विमानाला गलोलीतल्या खड्यासारखं पुढे भिरकावणारी यंत्रणा आहे, तीही विजेच्या चुंबकीय शक्तीवर चालणारी. फुजियानच्या आधी अशी यंत्रणा फक्त अमेरिकेच्या ‘फोर्ड’वर होती. यामुळे ‘फुजियान’वरून भरलेल्या टाकीचं विमान उडू शकतं. पाठीवर मोठं रडार घेतलेलं टेहळणी विमानही उडू शकतं. आपल्याकडे हे काम कामोव्ह हेलिकॉप्टर करतं. विमान जेवढं उंच आणि जेवढा जास्त वेळ हवेत राहील, तेवढा शत्रू लांबून दिसतो. इथे चीन पुढे आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

डेक स्वस्त, विमान महाग

आता रीलमध्ये नसलेला हिशेब. नवी ‘विक्रांत’ बांधायला सुमारे २० हजार कोटी रुपये लागले. तिच्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सशी २६ राफेल मरीन विमानांचा करार झाला. त्याची किंमत शस्त्रं, प्रशिक्षण, देखभाल धरून ६३ हजार कोटींच्या घरात आहे. म्हणजे जहाजाच्या तिप्पट पैसे त्यावरच्या विमानांना. ती सगळी विमानं हातात यायला २०३० उजाडणार आहे.

तोपर्यंत काम मिग-२९के विमानांवर. या विमानांबद्दल ‘कॅग’ने २०१६ च्या अहवालात लिहिलं होतं की, उड्डाणासाठी तयार असण्याचं त्यांचं प्रमाण १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान होतं. अहवाल जुना आहे, त्यानंतर सुधारणा झाली असेल. तरी मुद्दा लक्षात घ्या. कागदावर वीस विमानं असली आणि सकाळी त्यातली सहाच उडणार असतील, तर तुलना वीसची करायची की सहाची? आजोबांचा प्रश्न तोच होता, फक्त विमानांऐवजी जहाजांबद्दल.

जहाजाचंही तसंच. विमानवाहू नौका काही वर्षांनी दुरुस्तीला जाते आणि महिनोन्‌महिने गोदीत राहते. म्हणून नौदल कधीपासून तीन नौका मागतंय. दोन किनाऱ्यांना दोन आणि एक दुरुस्तीत, असा तो हिशेब. ‘आपल्याकडे दोन’ याचा अर्थ अनेकदा ‘आपल्याकडे एक’ असा होतो. चीनलाही हाच नियम लागू आहे. शिवाय तैवान, दक्षिण चीन समुद्र, जपान असा पसारा सांभाळून त्यांना मलाक्काच्या चिंचोळ्या समुद्रातून हिंदी महासागरात यावं लागतं. आपण इथेच राहतो. कुठल्या समुद्रात लढायचंय हे सांगितल्याशिवाय कोण वरचढ हे सांगता येत नाही.

रीलप्रमाणे आपण १९७१ हरलो असतो

जुनी ‘विक्रांत’ ही खरं तर ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली आणि अर्धवट सोडलेली नौका. आपण ती १९५७ मध्ये घेतली, बेलफास्टमध्ये पूर्ण करून घेतली. १९६१ च्या नोव्हेंबरात ती मुंबईत आली तेव्हा बॅलार्ड पिअरवर पंडित नेहरू स्वागताला होते. १९६५ च्या युद्धात ती मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती, म्हणजे लढाईत शून्य.

१९७१ मध्ये तिच्या बॉयलरला चिरा गेलेल्या होत्या. वेग कमी ठेवावा लागत होता. आता गंमत बघा, डेकवरून विमान उडवायचं तर जहाजाला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जोरात पळावं लागतं, म्हणजे पंखांखाली जास्त हवा मिळते. जहाजच मंद, तर विमान उडणार कसं? रीलवाल्याने तिला दहापैकी दोन मार्क दिले असते. नौदलाने तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं, कारण तिथे धोका तुलनेने कमी आणि उपयोग जास्त होता. तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारची कोंडी केली, पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याची समुद्राची वाट बंद झाली.

पाकिस्तानने तिला बुडवायला ‘गाझी’ पाणबुडी पाठवली होती. आपल्या ‘राजपूत’ या विनाशिकेने रेडिओवरून ‘मीच विक्रांत’ असा बनाव केला. खरी ‘विक्रांत’ अंदमानच्या बाजूला. ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली. कशामुळे बुडाली यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही, पण ‘विक्रांत’ तिच्या हाती लागली नाही हे नक्की.

त्याच महिन्यात अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही अणुऊर्जेवरची अवाढव्य नौका बंगालच्या उपसागरात पाठवली. ‘विक्रांत’ २१३ मीटर, ‘एंटरप्राइज’ ३४२ मीटर. पत्त्यांच्या खेळात पत्ता तिथेच गेला असता. प्रत्यक्षात १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला.

पण याच युद्धाचं दुसरं पानही वाचायला हवं. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. पाकिस्तानने तो धडा नीट गिरवलाय. विमानवाहू नौकेच्या नादी न लागता त्यांनी चीनकडून आठ पाणबुड्या घ्यायचं ठरवलं आणि त्या वर्गाला नाव दिलं ‘हँगोर’. म्हणून ‘पाकिस्तानकडे शून्य’ हा आकडा वाचून आपण खूश होतो, तेव्हा त्यांनी स्पर्धा दुसऱ्याच मैदानात लावली आहे हे विसरतो.

आपल्याला हे नवीन नसायला हवं. मुंबईच्या ज्या नौदल तळाला ‘आयएनएस आंग्रे’ नाव दिलंय, त्या कान्होजी आंग्र्यांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांशी गुराबा आणि गलबतं घेऊनच झुंज दिली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही. किनारा, वारा, उथळ पाणी हे सगळं आंग्र्यांच्या बाजूने होतं. तुलना जहाजाशी जहाजाची नव्हतीच.

एकटी निघत नाही

विमानवाहू नौका कधीच एकटी समुद्रात जात नाही. सोबत विनाशिका, फ्रिगेट, इंधनाचं जहाज, खाली पाणबुडी. हा ताफा नसेल तर ती शत्रूला मिळालेलं सगळ्यात मोठं लक्ष्य आहे. आणि या ताफ्यातली कितीतरी जहाजं कुठे तयार होतात? आपल्या माझगावात. १५ जानेवारी २०२५ ला ‘सुरत’, ‘निलगिरी’ आणि ‘वाघशीर’ म्हणजे एक विनाशिका, एक फ्रिगेट आणि एक पाणबुडी एकाच दिवशी नौदलात आली. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून तुम्ही शंभर वेळा गेला असाल. स्टेशनच्या नावातलं डॉकयार्ड बघायला आपण मान वळवत नाही, पण दालियनच्या गोदीचे सॅटेलाइट फोटो झूम करून बघतो.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची क्षमता हीच वाटते. नवी ‘विक्रांत’ बांधताना रशियाकडून खास पोलाद मिळेना, तेव्हा डीआरडीओ आणि सेलने ते इथे तयार केलं. २००९ मध्ये कणा ठेवला, २०२२ मध्ये नौका नौदलात आली. तेरा वर्षं. खूपच जास्त. पण त्या तेरा वर्षांत हजारो वेल्डर, फिटर, इंजिनीअर शिकले. पुढची ऑर्डरच आली नाही तर ही माणसं दुसरीकडे जाणार आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कारखाना बंद पडला की नुसता पगार जात नाही, हाताला असलेली कलाही जाते.

म्हणून माझं मत असं. तिसरी हवी, पण ‘फुजियान’ला उत्तर म्हणून ६५ हजार टनांचं स्वप्न बघत आणखी दहा वर्षं घालवायला नकोत. ‘विक्रांत’सारखीच, थोडी सुधारलेली नौका हवी आणि लवकर हवी, म्हणजे कोचीतले हात रिकामे राहणार नाहीत. आणि पैसे कमी पडले तर? तर मी आधी पाणबुड्या म्हणेन. आणखी सहा पाणबुड्यांची योजना कित्येक वर्षं रेंगाळली. समोरचा पाणबुड्यांवर पैसे लावत असताना आपण फक्त डेकची लांबी वाढवणं शहाणपणाचं नाही. हे तुम्हाला पटेलच असं नाही. पण वाद घालायचा तर या मुद्द्यावर घालू या, लाल अक्षरांतल्या विजेत्यावर नको.

आणि आपला धंदा

एक गोष्ट जर्नालिझमची विद्यार्थिनी म्हणून. २०२५ च्या ८ मेच्या रात्री आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. काही वाहिन्यांनी सांगितलं, ‘विक्रांत’ने कराची बंदरावर हल्ला केला. ग्राफिक्स, सायरन, स्फोटांचे व्हिडिओ. चाळीत काही पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी स्वतः स्टेटस टाकलं. सकाळी कराची बंदर होतं तिथेच, होतं तसंच. नौदलाचा ताफा अरबी समुद्रात उत्तरेकडे तैनात होता, हे नौदलाने नंतर सांगितलं. पण हल्ला झालेला नव्हता. मी गुपचूप स्टेटस डिलीट केलं. ते किती जणांनी पाहिलं होतं, तेही दिसत होतं.

पत्त्यांसारखी तुलना करायची सवय लागली की असंच होतं. मनात जहाज आधीच जिंकलेलं असतं, बातमी फक्त तिथपर्यंत पोचायची बाकी असते. आणि याच शहराला समुद्राने २६ नोव्हेंबर २००८ ला वेगळंच दाखवलंय. कराचीहून निघालेले दहा जण एका पळवलेल्या मच्छीमार बोटीतून आले आणि रबरी होडीने कफ परेडच्या कोळीवाड्याजवळ उतरले. देशाकडे तेव्हा ‘विराट’ होती. ती नौका या कामासाठी नव्हतीच. मग या कामासाठी काय होतं? गस्ती बोटी किती, त्यातल्या चालू किती, कोळ्यांचं ऐकायला कुणी होतं का? कोण वरचढ विचारण्याआधी ‘कशासाठी’ हे विचारायला मी त्या तारखेवरून शिकले.

भंगारात गेलेला धडा

शेवटचं, आणि याचा मला खरंच राग येतो.

ऑस्ट्रेलियाची ‘मेलबर्न’ ही जुन्या ‘विक्रांत’च्याच वर्गातली बहीण. १९८५ मध्ये चीनने ती भंगार म्हणून घेतली आणि तोडण्याआधी तिचा बारकाईने अभ्यास केला. १९९८ मध्ये युक्रेनकडून ‘वर्याग’ हा अर्धवट सांगाडा घेतला, तोही तरंगता कॅसिनो करायचा म्हणून. तीच आजची ‘लियाओनिंग’. ‘कीव्ह’ आणि ‘मिन्स्क’ या सोव्हिएत नौका घेऊन त्यांची चक्क थीम पार्क केली. म्हणजे स्वतःच्या नसलेल्या, स्वतःसाठी कधी न लढलेल्या नौकांवर चिनी शाळांच्या सहली जात राहिल्या. अमेरिकेत तर पाच विमानवाहू नौकांची संग्रहालयं आहेत.

आपण काय केलं? युद्ध जिंकून दिलेली ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, पैसे कुणी द्यायचे यावर अडली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. तिच्या धातूची मोटारसायकल निघाली, लायन गेटसमोर एक स्मारक उभं राहिलं. ‘विराट’चं तरी असं होऊ नये म्हणून राज्य सरकारने २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायची योजना मंजूर केली. २०२० मध्ये ‘विराट’ अलंगला गेली.

‘विक्रांत’ तोडायला घेतली तेव्हा मी शाळेत होते. दारूखाना आमच्यापासून कितीसा लांब, रे रोडच्या पलीकडे. मी आजोबांना म्हटलं होतं, चला ना, बघून येऊ. ते म्हणाले, “तू जा बाबांबरोबर.” मग कुणीच गेलं नाही.

परवा मी त्यांना पुन्हा विचारलं, का नाही आलात? तर म्हणाले, “तिच्या बॉयलर रूममध्ये मी उतरलोय. ती कशी चालते ते बघायचं असतं, कशी तोडतात ते काय बघायचं?”

या वर्षी नौदल दिनाच्या आसपास एक दिवस काढा. चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून लायन गेटपर्यंत चालत जा, ते स्मारक बघा. तिथून परत येताना लोकलमध्ये पुन्हा ते ‘तीन विरुद्ध दोन’चं रील आलं, तर खाली फक्त एक प्रश्न टाका. आत्ता पाण्यात कुठली आहे?

मी टाकला होता. अजून उत्तर आलेलं नाही.